जुनी मराठी प्रेमगीतं नीट ऐकायची कशी: एका वेळी एकच गाणं

'शुक्रतारा मंद वारा' कुठंही लागलं की पहिल्या ओळीला आपण सगळेच गुणगुणायला लागतो आणि दुसरं कडवं येईपर्यंत मोबाईल हातात आलेला असतो. गाणं आवडतं यात वाद नाही, पण का आवडतं असं कुणी विचारलं तर "अरे जुनं ते सोनं" याच्या पुढं आपली गाडी जात नाही. साठ साठ वर्षं टिकलेल्या गाण्यात नक्की काय आहे हे कळायला संगीत शिकावं लागत नाही, फक्त ऐकायची पद्धत थोडी बदलावी लागते, आणि ती पद्धत मी इथं क्रमाने सांगतोय.

मुद्दा एकच आहे. शंभर गाण्यांची प्लेलिस्ट लावून दिवसभर मागे वाजत ठेवण्यापेक्षा एकच गाणं आठवडाभर ऐका, आणि दर वेळी कान एकाच गोष्टीवर ठेवा. एकदा फक्त शब्द, एकदा फक्त चाल, एकदा फक्त गळा असं. ही गाणी तीन-चार मिनिटांची असतात, त्यामुळे वेळ नाही हे कारण चालणार नाही.

पायरी पहिली: गाणं निवडा आणि मूळ रेकॉर्डिंग शोधा

सुरुवातीला तीनच गाणी घ्या असं माझं मत आहे. 'शुक्रतारा मंद वारा' (शब्द मंगेश पाडगावकर, चाल श्रीनिवास खळे, गळा अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा), 'तोच चंद्रमा नभात' (शांता शेळके, चाल आणि गळा दोन्ही सुधीर फडके म्हणजे आपले बाबूजी) आणि 'तरुण आहे रात्र अजुनी' (शब्द सुरेश भट, चाल हृदयनाथ मंगेशकर, गळा आशा भोसले). तिन्ही प्रेमाचीच आहेत पण एकात प्रेम नुकतं उमलतंय, एकात ते विरून गेलंय आणि एकात दोघं शेजारी आहेत तरी एक जण दूर आहे. त्यामुळे 'प्रेमगीत' म्हणजे एकच रंग नाही हे पहिल्या तीन आठवड्यांतच कळतं.

आता शोधताना गंमत अशी होते की सर्चमध्ये एका गाण्याची पन्नास रूपं येतात, कार्यक्रमातली, स्पर्धेतली, मागे ढोलकी आणि कीबोर्ड चढवलेली, वेग वाढवलेली. ती वाईट असतात असं नाही पण पहिल्यांदा ती नको. गाण्याच्या नावासोबत मूळ गायकाचं आणि संगीतकाराचं नाव टाका, अधिकृत म्युझिक कंपनीच्या चॅनेलवरचं घ्या आणि ठेका जर कानावर आदळत असेल, झांजा-ड्रम सतत एकसारखे वाजत असतील तर ते नंतर चढवलेलं आहे असं समजून पुढे चला. जुनं रेकॉर्डिंग मोनो असतं, म्हणजे दोन्ही कानात सारखंच, आणि थोडी खरखरही असते, तिचा त्रास करून घेऊ नका, पाच मिनिटांत कान सरावतो. मोबाईलचा स्पीकर मात्र नको. त्यात तबल्याचा डग्गा आणि गळ्याचा खालचा भाग गायबच होतो, साधे इअरफोन असले तरी चालेल.

पायरी दुसरी: गाणं न लावता शब्द मोठ्याने वाचा

ही पायरी सगळे गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. आपल्याकडची ही गाणी बहुतेक आधी कविता म्हणून उभी आहेत, किंवा निदान कवीने लिहिलेली आहेत, त्यामुळे त्यांची लय शब्दांतच असते आणि संगीतकार ती लय पाळतो, ताणतो किंवा मुद्दाम मोडतो. ती आधी माहीत असेल तरच त्याने काय केलंय ते ऐकू येणार ना.

करून बघा. 'शुक्रतारा / मंद वारा / चांदणे पा / ण्यातुनी' असं तोडून वाचा. प्रत्येक तुकडा सात मात्रांचा आहे (लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन), शेवटचा पाचाचा. शाळेत वृत्त शिकताना गालगागा गालगागा म्हणायचो तेच. आता 'तरुण आहे / रात्र अजुनी / राजसा निज / लास का रे' हे वाचा, हेही सातासातातच चालतंय! म्हणजे दोन गाण्यांचा सांगाडा जवळपास सारखा आणि तरी एक ऐकताना मन शांत होतं आणि दुसरं ऐकताना कासावीस. हा फरक शब्दांच्या अर्थाने किती आणि चालीने किती घडवला, हे पुढच्या पायरीवर कळेल, पण प्रश्न आत्ताच डोक्यात ठेवा.

आणि मग भटांचंच 'मालवून टाक दीप' घ्या. हे सातात नाही बसत. माल/वून/टाक/दीप, तीन तीन मात्रांच्या छोट्या पावलांनी जातं, म्हणून वाचतानाच त्याला एक झुलण आहे. शिवाय ते गझलच्या अंगाने लिहिलेलं आहे, दर कडव्याच्या टोकाला धृवपदातल्या 'संग'शी जुळणारा शब्द येतो: स्वप्नभंग, अंतरंग, रूपरंग, पतंग, तरंग. एवढ्यावर भट थांबत नाहीत, ओळीच्या आत पुन्हा वेगळं यमक घालतात, 'हवेत' आणि 'कवेत'. हे डोळ्यांनी वाचून फारसं जाणवत नाही, मोठ्याने म्हटलं की जिभेला कळतं.

'तरुण आहे'मध्ये तर दर कडव्याचा शेवट 'का रे' या प्रश्नाने होतो आणि त्याच्या आधीचा शब्द बदलत जातो. निजलास, वळलास, विझलास, मिटलास, लुटलास, उरलास. हे सहा शब्द एका कागदावर एकाखाली एक लिहा आणि नुसते बघा. साध्या झोपेच्या तक्रारीपासून सुरू झालेली बाई कुठपर्यंत पोचली ते त्या सहा शब्दांतच दिसतं.

पायरी तिसरी: कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय

गाणं लावायच्या आधी एवढं ठरवाच. ऐकायला सोपं वाटतं पण या प्रश्नाने मला स्वतःला जुनी गाणी जितकी उघडून दिली तितकी दुसऱ्या कशानेच नाही.

'शुक्रतारा'त आधी तो बोलतो आणि 'तू अशी जवळी रहा' म्हणतो. मग ती बोलते, शब्दांत सांगता येत नाही म्हणते, आणि तिच्या तोंडी ओळ येते ती 'तू असा जवळी रहा'. एका अक्षराचा फरक. 'अशी'चं 'असा' झालं आणि मागणं दोन्ही बाजूंनी सारखं झालं! त्या काळात प्रेमगीतातली नायिका नुसतीच लाजायची असं जे आपण सरसकट म्हणतो ते इथं टिकत नाही, ती लाजतेही आणि मागतेही.

आता 'तोच चंद्रमा नभात'. बोलणारा पुरुष आहे. सगळं तेच आहे म्हणतो, चंद्र तोच, रात्र तीच, मी तोच, तूही तीच, पण ती प्रीत आज नाही. शांताबाईंना ही कल्पना एका संस्कृत श्लोकावरून सुचली, 'यः कौमारहरः' असा तो सुरू होतो, मम्मटाच्या 'काव्यप्रकाश' या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात तो आहे आणि शीलाभट्टारिका या कवयित्रीच्या नावावर सांगितला जातो. मूळ श्लोकात बोलणारी स्त्री आहे. तिचाही वर तोच, चैत्राच्या रात्री त्याच, वारा तोच, तरी तिचं मन रेवेच्या (म्हणजे नर्मदेच्या) काठावरच्या त्या जुन्या भेटीकडे ओढ घेतं. म्हणजे एका स्त्रीच्या तोंडचा श्लोक शेकडो वर्षांनी दुसऱ्या स्त्रीने घेतला आणि पुरुषाच्या तोंडी दिला, आणि देताना ओढ होती तिथं हरवलेपण आलं. हे माहीत असताना गाणं ऐका, बाबूजींच्या तोंडून येणारा प्रत्येक 'तोच' वेगळा लागतो.

याच शांताबाईंनी 'ही चाल तुरुतुरु' लिहिलंय, देवदत्त साबळे यांची चाल आणि जयवंत कुलकर्णींचा मोकळा गळा. वाटेने जाणाऱ्या पोरीची बट डोळ्यावर आलीय आणि बघणारा पोरगा खुळावलाय, त्या पोरग्याची नजर एका बाईने इतकी अचूक पकडलीय की मला दर वेळी नवल वाटतं. आणि उलट बाजूने भटांनी 'मालवून टाक दीप'मध्ये बाईचं मन लिहिलं. जुन्या गाण्यांत कवी दुसऱ्याच्या जागी जाऊन बसायचा आणि ते काम मन लावून करायचा.

कधी कधी 'मी' नसतोच. 'भातुकलीच्या खेळामधली' हे पाडगावकरांचं गाणं (चाल यशवंत देवांची, गायलंय अरुण दात्यांनी) राजा-राणीची गोष्ट म्हणून सांगितलंय, तिसऱ्याच माणसाने. बोलणारा स्वतःचंच दुःख बाहुल्यांवर टाकून सांगतोय का, हे गाणं उघड करत नाही, आपण ठरवायचं.

पायरी चौथी: आता चाल, शब्द बाजूला ठेवून

गाणं लावा, डोळे मिटा, आणि शब्दांच्या जागी मनात नुसतं आऽऽ करा. ओळ कुठं चढते, कुठं उतरते, कुठं थांबते एवढंच बघायचं. रागाचं नाव माहीत असलं तर उत्तम, नसलं तरी अडत नाही. अडतं ते धीर नसल्यामुळे.

तीन जागा धरून ठेवा.

पहिली जागा, धृवपद संपून कडवं सुरू होतं ती. तिथं चाल बहुतेक वेळा वरच्या सुरांत जाते, म्हणजे भावना उघडी पडते. दुसरी जागा कडव्याच्या शेवटची ओळ, जिथून चालीला परत धृवपदावर यायचं असतं. चांगला संगीतकार तिथं ओळखू येतो, कारण ते परत येणं इतकं सहज असतं की आपण कधी घरी पोचलो ते कळतच नाही, आणि या बाबतीत मला खळेकाकांच्या जवळ जाणारे फार थोडे दिसतात. त्यांचंच 'बगळ्यांची माळ फुले' घ्या, कविता वा. रा. कांतांची, गळा वसंतराव देशपांडेंचा. भेट तुला आठवते का, हा प्रश्न फिरून फिरून येतो, पण मधल्या कडव्यांतून वळून आल्यावर त्याच ओळीचं वजन वाढलेलं असतं. तिसरी जागा म्हणजे शांतता. ओळ संपल्यावर पुढची यायच्या आधीचा तो अर्धा क्षण. आजच्या बऱ्याच गाण्यांत ती जागा काही ना काही भरून टाकलेली असते, जुन्यांत ती रिकामी ठेवलेली असते आणि ऐकणाऱ्याचं स्वतःचं काहीतरी तिथंच येऊन बसतं.

ज्यांना मोजायला आवडतं त्यांनी मांडीवर टाळी देऊन ठेका मोजावा. दादरा सहाचा, रूपक सातचा, केरवा आठचा. शब्दांच्या मात्रा आणि ठेक्याच्या मात्रा जुळतात का, आणि जुळत नसतील तर संगीतकाराने कुठलं अक्षर लांबवून जुळवलंय ते शोधा. हा खेळ एकदा लागला की सुटत नाही.

पायरी पाचवी: गळा, आणि एकच चाल दोन गळ्यांत

यासाठी माझ्या मते सगळ्यात चांगलं गाणं 'सखी मंद झाल्या तारका'. सुधीर मोघ्यांचे शब्द, राम फाटकांची चाल, पुणे आकाशवाणीवर ते आधी पंडित भीमसेन जोशींनी गायलं आणि पुढे बाबूजींच्या आवाजातली रेकॉर्ड घराघरात गेली. दोन्ही मिळवा आणि पाठोपाठ ऐका.

ऐकताना कोण भारी ते ठरवू नका, त्यात सगळी संध्याकाळ भांडणात जाते. एकच ओळ घ्या, 'आता तरी येशील का', आणि बघा की पंडितजींचा स्वर त्या विनवणीला किती मोठं आकाश देतो, आणि बाबूजी तीच विनवणी अगदी कानाजवळ येऊन कशी करतात. बाबूजींचे शब्द स्वच्छ असतात हे सगळेच सांगतात पण स्वच्छ म्हणजे काय ते इथं कळेल, प्रत्येक व्यंजन ऐकू येतं आणि तरी कुठं जोर दिल्यासारखं वाटत नाही. शेवटच्या कडव्यात मृत्यूसुद्धा न बोलावता आला तरी पळभर थांबेल असं म्हटलंय, केवढी मोठी गोष्ट, आणि बाबूजी तिथं आवाज चढवत नाहीत की रडवेला करत नाहीत. म्हणून तर ती आत जाते.

दुसरी जोडी लता-आशांची. कवी तोच, संगीतकार भाऊ तोच. 'मालवून टाक दीप' दीदींचं, 'तरुण आहे रात्र अजुनी' आशाताईंचं. दोन्हीत रात्र, दोन्हीत बाई बोलतेय, दोन्हीत 'राजसा'. दीदींचा सूर सुखात आहे आणि शेवटपर्यंत काठ सोडत नाही. आशाताईंच्या 'का रे'त मात्र दर वेळी काहीतरी बदलतं, मघाशी कागदावर लिहिलेले ते सहा शब्द समोर ठेवून ऐका, कुठं राग आहे कुठं लाड आहे कुठं नुसती दमणूक आहे.

अरुण दात्यांबद्दल एक वाक्य सांगतोच. त्यांच्या गळ्यात दाखवायचं असं काही नसतं, शेजारी बसून बोलल्यासारखं ते गातात, आणि प्रेमगीताला तेच लागतं.

पायरी सहावी: मागची वाद्यं

इथं फार वेळ घालवू नका. एकदा पूर्ण गाणं फक्त वाद्यांसाठी ऐका. दोन कडव्यांमधल्या तुकड्याला वादक मंडळी 'पीस' म्हणतात, तो पीस पुढच्या कडव्याची तयारी करतो की नुसती जागा भरतो ते बघा. गळ्याच्या मागे बासरी किंवा व्हायोलिन ओळीला उत्तर देतंय का तेही. रेडिओवरच्या गाण्यांत वाद्यं मोजकी असायची आणि त्यामुळे एकेक वाद्य निवडून ठेवलेलं जाणवतं.

पायरी सातवी: गाणं कुठून आलं ते माहीत करून घ्या

थोडाच इतिहास, पण लागतो. ना. घ. देशपांड्यांची 'रानारानांत गेली बाई शीळ' ही कविता जी. एन. जोशींनी १९३० च्या दशकात गायली आणि तिथून मराठी भावगीताची रेकॉर्ड रुळली असं मानतात. तेव्हाच्या ७८ वेगाच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, म्हणून दोन-तीन कडव्यांत सगळं सांगायची सवय कवीला आणि संगीतकाराला लागली, आणि मोठ्या तबकड्या आल्यावरही ती सवय गेली नाही. पुढे आकाशवाणी आली. 'शुक्रतारा' १९६२ च्या सुमाराचं, मुंबई आकाशवाणीचं. 'भावसरगम', 'आपली आवड' असे कार्यक्रम घरातले सगळे एकत्र ऐकायचे, आजीपासून नातवापर्यंत, त्यामुळे प्रेमाची गोष्ट अशी सांगावी लागायची की लहानांना चांदणं दिसावं आणि मोठ्यांना उरलेलं कळावं. त्या काळातला संयम निम्मा इथून आलाय असं मला वाटतं.

सिनेमाच्या गाण्याला ते बंधन वेगळ्या प्रकारचं. तिथं पात्र असतं, प्रसंग असतो. 'रेशमाच्या रेघांनी' हे 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) मधलं, शब्द शांताबाईंचे, आवाज आशाताईंचा आणि चाल 'आनंदघन' यांची, म्हणजे खुद्द लतादीदींची, त्या या नावाने संगीत द्यायच्या. किती खट्याळ चाल आहे ती! 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) मधलं 'गोमू संगतीनं' ऐकताना लक्षात ठेवा की हे शब्दही 'सखी मंद झाल्या तारका' लिहिणाऱ्या सुधीर मोघ्यांचेच आहेत, आणि पुरुषाचा आवाज बंगाली हेमंतकुमारांचा आहे. एकच कवी पहाटेच्या त्या एकट्या माणसाचंही लिहितो आणि कोळीवाड्यातल्या जोडीचंही, ही दोन्ही एका बैठकीत ऐकायलाच हवीत.

एक सावधगिरी, व्हॉट्सॲपवर येणाऱ्या गोष्टींची. 'तरुण आहे रात्र अजुनी' हे युद्धात गेलेल्या सैनिकाच्या बायकोचं गाणं आहे, समोर त्याचं शव आहे, असा एक फॉरवर्ड कायम फिरतो. विझलास, मिटलास हे शब्द आहेत म्हणून तसं वाटूही शकतं. पण गाण्याच्या शब्दांत युद्ध नाही, सैनिक नाही, मरण नाही. कोजागिरीचं चांदणं आहे, रातराणी आहे, आणि कूस बदलून झोपलेला माणूस आहे. कुणाला ते सैनिकाचं म्हणून ऐकायचं असेल तर जरूर ऐकावं, पण मला तो फॉरवर्ड खटकतो कारण जिवंत बाईची जिवंत इच्छा आपल्याला इतकी अवघड वाटते की तिच्यासमोर आपण प्रेत आणून ठेवतो. भटांनी जे धीटपणे लिहिलंय ते तसंच ऐका ना.

पायरी आठवी: स्वतः म्हणा, आणि मग पुढची गाणी

आवाज चांगला असायची गरज नाही. दार लावा आणि मूळ गाण्यासोबत एक कडवं पूर्ण म्हणा. श्वास कुठं घ्यावा लागतो ते बघा, गायकाने तिथं घेतलाय का ते ऐका. जिथं तुम्ही घाई केलीत तिथं तो थांबलेला असेल, आणि जो सूर तुम्हाला साधा वाटला होता तो निसटेल, विशेषतः खळेकाकांच्या चालीत. दोन-तीनदा म्हटल्यावर पुन्हा नुसतं ऐका, तेच रेकॉर्डिंग एकदम जवळचं वाटतं.

तीन गाणी अशी झाली की पुढे 'जिवलगा राहिले रे दूर' घ्या, शांताबाई, हृदयनाथ आणि आशाताई, पण ते घाईत ऐकू नका, चाल अवघड आहे आणि पहिल्या दोन वेळा हाती लागत नाही. मग हलकं म्हणून 'धाकटी बहीण'मधलं 'धुंदी कळ्यांना', खेबुडकरांचे शब्द आणि बाबूजी-आशाताईंचं युगुलगीत. 'दिवस तुझे हे फुलायचे' आणि 'चांदण्यात फिरताना' कधीही चालतील. नाट्यसंगीताची ओढ असेल तर 'ययाति आणि देवयानी' नाटकातलं 'हे सुरांनो चंद्र व्हा', शब्द कुसुमाग्रजांचे आणि चाल जितेंद्र अभिषेकीबुवांची. आणि 'मेंदीच्या पानावर' मात्र आठवड्यात कधीतरी लाइट गेलेल्या रात्री किंवा लाइट मुद्दाम बंद करून ऐका, आधी शब्द वाचून, मोठ्याने.